मुंबईच्या प्लेगची एक प्रसिद्ध वक्ररेषा व तिचें साधनपरीक्षण

साथींच्या गणितावर जीं पुस्तकें लिहिलीं जातात, त्यांत एक आकृति हटकून आढळते. आडव्या रेषेवर आठवडे, उभ्या रेषेवर मृत्यु, कांहीं सुटे ठिपके व त्या ठिपक्यांमधून गेलेली घंटेच्या आकाराची एक रेषा, एवढाच तिचा ऐवज. ठिपके मुंबई बेटांत १७ डिसेंबर १९०५ पासून २१ जुलै १९०६ पर्यंत दर आठवड्यास प्लेगनें मेलेल्या माणसांचे आहेत. म्हणजे आपल्या गणनेनें शके १८२७ च्या मार्गशीर्ष वद्यापासून शके १८२८ च्या आषाढ अखेरपर्यंतच्या बरोबर एकतीस आठवड्यांचे. रेषा डॉ. विल्यम ओगिल्वी केरमॅक व ले. कर्नल अँडर्सन ग्रे मॅककेंड्रिक ह्या एडिंबरो येथील दोघां शास्त्रज्ञांनीं काढलेली आहे. ती १९२७ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तांत छापली गेली, आणि तेव्हांपासून एका पुस्तकांतून दुसऱ्या पुस्तकांत नकलली जात आहे. गणित हा आमचा विषय नव्हे. परंतु ज्या कागदावर हें गणित उभें आहे तो कागद मुंबईचा आहे, आणि कागद पारखणें हा ह्या त्रैमासिकाच्या वाचकांचा नित्याचा उद्योग आहे. म्हणून एका गणिती निबंधाचें परीक्षण येथें करण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

दोघां ग्रंथकारांपैकीं मॅककेंड्रिक हे हिंदुस्थानास परके नव्हते. ते इंडियन मेडिकल सर्व्हिसचे अधिकारी; कसौली येथील पाश्चर संस्थेचे संचालक होते, व प्रकृतीच्या कारणानें १९२० सालीं स्वदेशीं परतले. केरमॅक हे रसायनशास्त्रज्ञ. १९२४ सालीं प्रयोगशाळेंत झालेल्या स्फोटांत त्यांची दृष्टि गेली होती. तेव्हां जगभर गाजलेली ही आकृति तिच्या एका कर्त्यानें डोळ्यांनीं कधींच पाहिलेली नाहीं.

निबंधांतील मूळ विचार असा. समाजाचे तीन भाग करावे : ज्यांस रोग झालेला नाहीं पण होऊं शकेल असे, ज्यांस झालेला आहे असे, आणि बरे होऊन किंवा मरून जे हिशेबांतून सुटले असे. पहिल्या भागांतील कोणाचीहि दुसऱ्या भागांतील कोणाशींहि गांठ पडण्याचा संभव सारखाच समजावा. अशा समाजांत रोग वाढतो, वाढतां वाढतां आपलें सरपण जाळीत जातो, आणि पहिला भाग एका ठराविक मर्यादेखालीं आला म्हणजे, सर्व लोक रोगानें गांठले जाण्यापूर्वींच, साथ ओसरूं लागते. ह्या मर्यादेस उंबरठा म्हणतात. साथ थांबते ती रोगाचें विष आपोआप क्षीण झाल्यामुळें, अगर सर्व माणसें संपल्यामुळें, अशा ज्या दोन समजुती होत्या, त्यांपलीकडील तिसरा मार्ग ह्या निबंधानें दाखविला. ह्या सिद्धांताची थोरवी आम्हांस पूर्ण मान्य आहे. आमचा वाद सिद्धांताशीं नसून त्याच्या गळ्यांत अडकविलेल्या मुंबईच्या पुराव्याशीं आहे.

सूत्रांत आंकडे तीनच आहेत : ८९०, ०.२ व ३.४. पहिला शिखराची उंची सांगतो, दुसरा चढउताराचा वेग. तिसऱ्यास दुसऱ्यानें भागिलें असतां सतरा येतात. म्हणजे सतरा आठवडे लोटल्यावर, एप्रिल १९०६ च्या मध्यास, चैत्र वद्यांत साथीचें शिखर पडतें. रेषेखालचें सर्व क्षेत्र मोजलें तर सुमारें ८,९०० मृत्यु भरतात. आतां त्याच १९०६ सालच्या शिरगणतींत मुंबईची लोकसंख्या ९,७७,८२२ भरली होती. म्हणजे शंभरांत एक मनुष्यहि ह्या रेषेखालीं येत नाहीं. मग सरपण संपलें म्हणून आग विझली, असें मुंबईच्या माणसांविषयीं कसें म्हणावें?

येथें मूळ निबंध उघडून पाहणाऱ्यास आश्चर्य वाटतें. ग्रंथकारांनीं ही अडचण स्वतःच ओळखली होती. आकृतीसोबत त्यांनीं स्पष्ट लिहून ठेविलें आहे कीं, माणसांतील प्लेग हें उंदरांतील प्लेगचें प्रतिबिंब होय असें आपण धरून चाललों आहों; बेटांतील प्रत्येक उंदरास रोग लागण्याचा संभव सारखा मानिला आहे; पिसवा इतक्या मुबलक मानिल्या आहेत कीं जणूं स्पर्शानेंच उंदरापासून उंदरास रोग व्हावा; ह्यांपैकीं एकहि गृहीत गोष्ट तंतोतंत खरी नाहीं, सबब सूत्रांतील आंकड्यांवरून अनुमानें काढूं नयेत. इतकी प्रांजळ टीप आमच्या पाहण्यांतील फार थोड्या इतिहासग्रंथांस असेल.

नकलणाऱ्यांनीं मात्र पुष्कळदां आकृति घेतली व टीप सोडून दिली. पोथ्यांच्या संग्राहकांस हा दोष चांगला परिचयाचा आहे. लेखक समासांत लिहितो कीं येथें मूळ पान फाटलें होतें, मजकूर अंदाजानें भरला आहे; दुसऱ्या नकलेंत समासाचा मजकूर आंखडतो; तिसऱ्या नकलेंत समास जातो आणि अंदाज मूळ पाठ म्हणून मिरवूं लागतो. तसेंच येथें झालें. टिपेबरोबर उंदीर नाहींसे झाले, माणसें तेवढीं राहिलीं, आणि मुंबईचा प्लेग हा माणसामाणसांतील संसर्गाचा आदर्श म्हणून शिकविला जाऊं लागला.

ह्या परंपरेस मोठा धक्का फ्रेंच गणिती निकोला बाकाएर ह्यांनीं २०१२ सालीं दिला. त्यांनीं जें केलें तें आम्हां कागदपत्रवाल्यांनीं आपलें म्हणावें असें आहे : सुटा काढलेला कागद त्यांनीं परत रुमालांत ठेवून वाचिला. त्या काळचे अहवाल पाहतां १८९७ पासून निदान १९११ पर्यंत मुंबईंत प्लेग प्रतिवर्षीं ठराविक ऋतूंत चढे व ठराविक ऋतूंत उतरे, असें त्यांस आढळलें. रोग होण्याजोगीं माणसें उंबरठ्याखालीं गेलीं म्हणून १९०६ ची साथ थांबली नाहीं. ऋतु पालटला म्हणून थांबली. शिवाय सर्व वेग साथभर कायम होते असें मानिल्यास त्यांचीं जीं मूल्यें निघतात तीं वास्तवाशीं जुळत नाहींत, हेंहि त्यांनीं दाखविलें. एका वर्षाच्या ठिपक्यांशीं रेषा जुळली म्हणजे कारण जुळलें असें होत नाहीं. शकावलींतील एक तिथि बरोबर निघाल्यानें सगळी शकावली अस्सल ठरत नाहीं, हें आपणांस सांगावयास नको.

बाकाएर ह्यांचें म्हणणें आम्हांस पटतें, पण पुरेसें वाटत नाहीं. ऋतूबरोबर उंदीर व पिसवा बदलतात हें खरें. परंतु मुंबईंत ऋतूबरोबर माणसेंहि बदलतात. शहरांतील बाहेरगांवच्या वस्तींत रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा सर्वांत मोठा होता, आणि त्या जिल्ह्याचा मार्ग समुद्राचा. आगबोटी उघड्या हंगामांत चालत, पावसाळ्यांत बंद पडत. लग्नसराई व पेरणीपूर्वींचीं शेतकामें हीं चैत्र-वैशाखांतलीं. म्हणजे साथीचें शिखर ज्या महिन्यांत येतें, त्याच महिन्यांत मुंबईचीं माणसें गांवाकडे जाण्याची रूढ वेळहि येते. उताराच्या बाजूचे ठिपके खालीं येतात ते उन्हानें पिसवा मेल्या म्हणून कितपत, आणि मरणाऱ्यांपैकीं कांहीं माणसें आतां बेटांत नव्हतींच म्हणून कितपत? साप्ताहिक बेरीज ह्याचें उत्तर देऊं शकत नाहीं. बेटाच्या नोंदींत बेटांत मेलेला मनुष्य येतो. गांवीं जाऊन मेलेला गांवच्या नोंदींत जातो, आणि तो मुंबईंतून रोग घेऊन आला होता हें त्या नोंदींत बहुधा राहत नाहीं.

भाजक सुद्धां स्थिर नाहीं. मुंबईची लोकसंख्या १८९१ सालीं ८,२१,७६४ होती, १९०१ सालीं ७,७६,००६ भरली, आणि वर सांगितल्याप्रमाणें १९०६ सालीं पावणेदहा लाखांच्या वर गेली. पांच वर्षांत दोन लाख माणसें जन्मानें वाढत नाहींत. १९०१ ची गणती प्लेगच्या भर हंगामांत झाली. पुष्कळ लोक त्या वेळीं शहराबाहेर होते. एकच शहर म्हणून ज्यास आपण ओळखतों, तें एखाद्या धर्मशाळेप्रमाणें भरत व रितें होत होतें.

ह्याचें ठळक उदाहरण पहिल्याच साथीचें. सप्टेंबर १८९६ मध्यें मांडवी भागांत डॉ. आकासियो गाब्रिएल व्हिएगस ह्यांनीं हा रोग ओळखिला. पुढील हिंवाळ्यांत शहराची जवळजवळ निम्मी वस्ती पळून गेली, असा तत्कालीन अंदाज आहे. फेब्रुवारी १८९७ मध्यें साथीच्या रोगांचा कायदा झाला. घरांची झडती, रोग्यास बळजबरीनें रुग्णालयांत नेणें, सोबत्यांस छावणींत ठेवणें, सामानाची जाळपोळ, हें सर्व त्यापाठोपाठ आलें. पुण्यांत ह्याच धोरणाचें पर्यवसान २२ जून १८९७ च्या रँडवधांत झालें. तो इतिहास सर्वश्रुत आहे, येथें त्याचा विस्तार नको. आमच्या मुद्द्यापुरतें इतकेंच कीं, रोगाच्या व सरकारच्या दुहेरी भीतीनें कोण कोणाजवळ राहतो, कोण कोणाकडे जेवतो, कोणाच्या ओटीवर कोण निजतो, हें सगळें अवघ्या कांहीं आठवड्यांत उलटेंपालटें झालें. साथ समाजांतून गेली, आणि जातां जातां तिनें तो समाजच बदलला.

गणितज्ञांनीं ही गोष्ट अजीबात दुर्लक्षिली असें मात्र नव्हे. २००६ सालीं थिलो ग्रोस, कार्लोस द'लिमा व बर्न्ट ब्लासिउस ह्या तिघांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांत समाज म्हणजे बिंदूंचें व दुव्यांचें जाळें : बिंदु हीं माणसें, दुवे हे त्यांचे संबंध. निरोगी मनुष्य आजाऱ्याशीं असलेला दुवा तोडतो व त्याऐवजीं दुसऱ्या एखाद्या निरोग्याशीं जोडतो. ह्या एका साध्या नियमांतून दोन फळें निघतात. पहिलें अपेक्षित : रोगास पाय रोंवणें कठीण जातें. दुसरें विलक्षण : एकमेकांशीं जोडलेल्या निरोग्यांचा घोळका दाट होत जातो, आणि रोग एकदां त्यांत शिरला म्हणजे पूर्वींपेक्षां अधिक सुलभपणें पसरूं शकतो; एकाच परिस्थितींत साथ नसणें व साथ ठाण मांडून बसणें, ह्या दोन्ही अवस्था शक्य होतात. तुटलेला संबंध नाहींसा होत नाहीं, दुसरीकडे जोडला जातो, ही त्या निबंधाची गाभ्याची गोष्ट होय. केरमॅक-मॅककेंड्रिक ह्यांच्या स्थिर समाजापेक्षां हा समाज मुंबईच्या कितीतरी जवळचा आहे. ज्या घरांत चार माणसें राहत त्यांत पाहुण्यांसह बारा झालीं, असें पळापळीचें जें चित्र, तें ह्या गणितांत प्रथमच उमटलें.

परंतु दोन ठिकाणीं हेंहि प्रतिमान आमच्या साधनांस लागूं पडत नाहीं, आणि तीं ठिकाणें सांगणें हाच ह्या लेखाचा मुख्य हेतु आहे.

पहिलें असें. ह्या प्रतिमानांत नवा दुवा वाटेल त्या निरोग्याशीं जोडला जातो. चिठ्ठी टाकून निवड करावी तसा. गिरगांवांतला मनुष्य चिठ्ठ्या टाकून पळत नाहीं. तो मूळ गांवीं भावाकडे जातो, बायकोच्या माहेरीं जातो, कुळाच्या उपाध्यायाकडे जातो, किंवा पेढीच्या दुसऱ्या गांवच्या शाखेंत जातो. हे दुवे नवे नसतात. ते वर्षानुवर्षें निजलेले असतात; जमिनीच्या वांट्यांत, लग्नसंबंधांत, खतावणींतल्या थकबाकींत ते टिकून राहिलेले असतात, आणि संकटांत जागे होतात. आज दिसणाऱ्या गांठीभेटींवरून जाळें काढणारास ते दिसणारच नाहींत. म्हणजे बदलत्या जाळ्याचा बदल हा स्वैर नाहीं. त्यास जुना नकाशा आहे, आणि तो नकाशा कागदांत आहे.

दुसरें ह्याहून महत्त्वाचें. मुंबईच्या ग्रंथिक प्लेगांत दुवा माणसाचा माणसाशीं नव्हताच. तो माणसाचा घराशीं होता. पिसवेचा वाटा पॉल-लुई सिमाँ ह्या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ सालीं दाखविला. (त्याच सालीं राजवाड्यांच्या साधनांचा पहिला खंड बाहेर पडला, हें जातां जातां नमूद करण्याचा मोह आवरत नाहीं.) पुढें १९०५ सालीं नेमलेल्या मंडळानें मुंबईंत ही गोष्ट पक्की केली. गटारांतील तपकिरी उंदरांत रोग आधीं उठतो, मग घरांतील काळ्या उंदरांत, आणि मग माणसांत, हा क्रम त्यांनीं मेलेले उंदीर गोळा करून दाखविला. प्लेग झालेल्या खोल्यांत त्यांनीं गिनीपिग मोकळे सोडले. ते पिसवा गोळा करीत व त्यांतील कांहीं प्लेगनें मरत, पण पिसवा शिरूं शकणार नाहींत अशा पिंजऱ्यांत ठेवलेले वांचत. खोलींतून माणसें गेलीं तरी खोली रोगट राहते, हा त्याचा अर्थ. तेव्हां ह्या जाळ्यांतील बिंदु केवळ माणसें धरून भागणार नाहीं. चाळ, खोली, धान्याची वखार हेहि बिंदु धरले पाहिजेत. साथीची सुरुवात धान्याच्या वखारींच्या मांडवींत झाली हें लक्षांत घेतां, गोणी कोठून कोठें गेली हें मनुष्य कोणास भेटला ह्याइतकेंच महत्त्वाचें ठरतें. ज्यास दुवा तोडणें म्हणतात तें येथें घर सोडणें आहे. आणि घर कोणी केव्हां सोडलें, कोठें गेला, केव्हां परतला, हें एकाहि साप्ताहिक तक्त्यांत नाहीं.

नांवनिशीवार कागद असला म्हणजे काय साधतें, ह्यास इंग्लंडांतील ईम ह्या खेड्याचें उदाहरण आहे. डर्बीशायरमधील ह्या गांवीं १६६५-६६ सालीं प्लेगनें अडीचशेंच्या वर माणसें मेलीं. त्यांचीं नांवें व मृत्यूचे दिवस तेथील चर्चच्या नोंदवहींत आहेत. तिच्या आधारें लिलिथ व्हिटल्स व झाव्हिए दिदलो ह्यांनीं २०१६ सालीं घरोघरचा हिशेब मांडून असा निष्कर्ष काढिला कीं, त्या गांवांत सुमारें तीनचतुर्थांश रोग माणसापासून माणसास लागला असावा. निष्कर्ष मुंबईच्या उलट आहे. त्यावर वाद होऊं शकेल. परंतु असा प्रश्न विचारतां आला तोच मुळीं एका घरांत कोण कोण व कोणत्या क्रमानें मेलें हें लिहिलेलें होतें म्हणून. पावणेदहा लाखांच्या मुंबईची बेरीज जें सांगत नाहीं तें एका खेड्याची वही सांगते.

मुंबईची बेरीज तरी कितपत निर्दोष? ग्रंथकार म्हणतात, नोंदलेल्या रोग्यांपैकीं शेंकडा ८० ते ९० मरतात, म्हणून मृत्यूंचा आंकडा हाच रोग्यांचा आंकडा धरण्यास हरकत नाहीं. ग्रंथिक प्लेगांत उपचारावांचून सुद्धां इतकें मरणप्रमाण सामान्यतः समजलें जात नाहीं. आमचा तर्क असा कीं, हें प्रमाण रोगाचें नसून नोंदीचें आहे : जो वांचला तो लपविला गेला, जो मेला तो लपवितां आला नाहीं. तोहि पुष्कळदां ताप किंवा फुप्फुसाचा दाह अशा दुसऱ्या नांवाखालीं गेला असेल, कारण प्लेग म्हणून नोंद झाली कीं घरच्यांवर काय प्रसंग येतो हें १८९७ नें सर्वांस शिकविलें होतें. १९०६ पर्यंत जुलूम पुष्कळ सौम्य झाला होता, परंतु धास्ती एकदम जात नसते. महजरावर साक्ष घालणाऱ्याचा हितसंबंध आपण तपासतों. मृत्युनोंद देणाऱ्याचाहि तपासला पाहिजे.

म्हणजे हें जाळें मांडावयाचें तर साधनें खाजगी कागदांतच शोधावीं लागणार, आणि येथें आम्हांस संग्राहक मंडळींशीं दोन शब्द स्पष्ट बोलणें प्राप्त आहे. आपल्याकडे १८१८ नंतरचा कागद म्हणजे दुय्यम, १८५७ नंतरचा म्हणजे रद्दी, अशी एक समजूत रुजली आहे. घराण्याचें दफ्तर हातीं आलें म्हणजे सनदा, निवाडे व मोडी पत्रें निवडून घेतलीं जातात, आणि खालीं उरलेल्या पाव आण्याच्या पोस्टकार्डांचा गठ्ठा वजनावर जातो. इंग्रजी अमलांतलें छापील कार्ड, त्यांत "येथें सर्व खुशाल, उंदीर पडूं लागल्यानें माणसें गांवीं पाठविलीं" एवढाच मजकूर. त्यांत इतिहास तो काय, असें विचारलें जातें. तेवढाच इतिहास त्यांत आहे. कार्ड टाकल्याच्या गांवाचा शिक्का व पोंचल्याच्या गांवाचा शिक्का अशा दोन तारखा त्यावर असतात. पत्ता खोडून दुसऱ्या गांवचा पत्ता घातलेला असेल तर त्याचें मोल दुप्पट. कारण मनुष्य एका घरांतून दुसऱ्या घरांत गेला ह्याचा तो समकालीन, तारीखवार व निर्हेतुक पुरावा आहे. सरकारास फसविण्याकरितां कोणी पोस्टमनकडून पत्ता खोडवून घेत नाहीं.

ह्या कार्डांस दुसरा शत्रु तिकिटांचे शोकी. राजमुद्रेचा छापील चौकोन ते कात्रीनें कापून घेतात, आणि त्याबरोबर शिक्का व पत्त्याचा कोपरा जातो. उरलेल्या तुकड्याची तारीख मग कोणी लावावी? तिकिटांच्या बाजारांतहि अशा कातरलेल्या चौकोनापेक्षां अखंड कार्डास अधिक मान आहे, हें त्यांस समजावून देणें अवघड नसावें.

पत्रांखेरीज वाण्याच्या रोजकीर्दींत एकाएकीं बंद पडलेलीं व दोन महिन्यांनीं पुन्हां सुरू झालेलीं खातीं, तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतील हंगामाबाहेरच्या नोंदी, शाळांचे हजेरीपट, चाळींच्या भाड्याच्या वह्या, हीं सर्व साधनें एकाच कामाचीं आहेत. १८९७ च्या सालांतील अशीं साधनें मुंबई-पुण्यास कमी मिळतात, आणि त्याचें एक कारण वर आलेंच आहे. रोगट घरांतील सामान जाळलें गेलें त्यांत दफ्तरेंहि गेलीं असलीं पाहिजेत. १९०५-०६ ची स्थिति बरी असावी. म्हणून आमची सूचना त्या एकतीस आठवड्यांपुरतीच आहे. शके १८२७ च्या मार्गशीर्षापासून शके १८२८ च्या आषाढापर्यंतचीं कार्डें ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं तीं मूळ गठ्ठ्यांतून फोडूं नयेत, व निदान त्यांची यादी करावी : तारीख, दोन्ही शिक्के, मूळ पत्ता, खोडून घातलेला पत्ता, आणि लिहिणाऱ्याचें नातें. मजकूर घरगुती असून प्रसिद्ध करण्याजोगा नसेल तर तो गाळला तरी चालेल.